फ्रीजमधला गॅस संपत नाही, तो गळतो: फ्रीज चालतो कसा आणि इथवर आला कसा

प्रश्न असा आलाय की फ्रीज नेमका थंड कसा करतो, त्याची मागची बाजू गरम का लागते, दर काही वर्षांनी गॅस भरून घ्यावा लागतो का, आणि हे यंत्र मुळात शोधलं कुणी. चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत म्हणून जरा ऐसपैस लिहितो. फ्रीज दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आधी द्यायचंय कारण लोकांचे पैसे तिथेच जातात.

तर नाही, गॅस भरून घ्यावा लागत नाही. गाडीतलं पेट्रोल जळतं म्हणून संपतं, फ्रीजमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. बंद पाईपमध्ये तोच गॅस गोल गोल फिरत राहतो, एकदा द्रव होतो, एकदा वाफ होतो, परत द्रव होतो. कारखान्यातून निघताना जेवढे ग्रॅम भरलेत तेवढेच वीस वर्षांनीही आत असले पाहिजेत. कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता गॅस भरला तर तो त्याच वाटेने पुन्हा जाणार.

आता थंड होतं कसं ते बघू. पहिली गोष्ट म्हणजे फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर आणून टाकतो, बस्स. त्यासाठी तो निसर्गातली एक साधी गोष्ट वापरतो, द्रवाची वाफ होताना त्याला भरपूर उष्णता लागते आणि ती तो आजूबाजूनं ओढून घेतो. हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं ते त्यामुळेच. ही उष्णता किती मोठी असते याचा लोकांना अंदाज नसतो. एक किलो पाणी शून्य अंशावरून शंभरावर न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त उष्णता त्याच शंभर अंशाच्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते, आणि एवढं सगळं होऊनही थर्मामीटर शंभरावरून हलत नाही. म्हणजे थोडासा द्रव उकळवून खूप उष्णता उचलता येते.

फक्त पाणी शंभर अंशाला उकळतं, आणि आपल्याला उणे वीस-पंचवीसला उकळणारं काहीतरी हवं. आजच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक ठिकाणी आयसोब्युटेन असतो, त्याला आम्ही आर-६००ए म्हणतो, तो साध्या हवेच्या दाबाला उणे ११.७ अंशाला उकळतो. दाब अजून कमी केला की उकळायचं तापमान अजून खाली जातं, आणि दाब वाढवला की वर चढतं. अख्खा फ्रीज या एका वाक्यावर उभा आहे. फ्रीजरच्या कॉइलमध्ये दाब हवेच्या साधारण सहा दशांश ठेवला की तो उणे पंचवीसच्या आसपास उकळतो आणि फ्रीजरमधली उष्णता पितो. तीच वाफ कॉम्प्रेसरने खेचून हवेच्या पाच-सहा पट दाबाला दाबली की ती चाळीस-पंचेचाळीस अंशाला द्रव व्हायला तयार होते, म्हणजे स्वयंपाकघरातली हवा कितीही गरम वाटली तरी त्या वाफेपेक्षा ती गारच असते, मग उष्णता आपोआप पाईपमधून हवेत जाते. उष्णता नेहमी गरमाकडून गाराकडेच जाते, फ्रीज हा नियम मोडत नाही, तो फक्त दाब खालीवर करून कधी गॅसला आतल्या हवेपेक्षा गार करतो आणि कधी बाहेरच्या हवेपेक्षा गरम.

मागची बाजू गरम का, याचं उत्तर यातच आलं. ती गरम लागलीच पाहिजे. जुन्या फ्रीजच्या मागे काळी जाळी दिसायची तो कंडेन्सर, आता बऱ्याच मॉडेलमध्ये तोच पाईप दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवलेला असतो त्यामुळे बाजू गरम लागतात आणि लोक घाबरून फोन करतात. दाराच्या चौकटीला, गास्केट म्हणजे दाराची रबरी पट्टी जिथे टेकते तिथे हात लावून बघा, तीही कोमट लागेल, कारण गरम गॅसचा पाईप मुद्दाम तिथून नेलेला असतो, नाहीतर थंड कडेवर दव जमून पाणी गळत राहिलं असतं. आणि बाहेर टाकलेली उष्णता आतून काढलेल्यापेक्षा जास्तच असते कारण कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजसुद्धा शेवटी उष्णता होऊन तिथेच बाहेर पडते. म्हणून दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट तापते.

कंडेन्सरमधून द्रव झालेला गॅस पुढे एका छोट्या तांब्याच्या नळकांड्यातून जातो, तो फिल्टर ड्रायर, आत ओलावा शोषणारे दाणे असतात. त्याच्यापुढे कॅपिलरी, म्हणजे एक अगदी बारीक नळी. मला विचाराल तर फ्रीजमधला सगळ्यात सुंदर भाग हाच. आतलं भोक एक मिलिमीटरपेक्षाही कमी, लांबी काही मीटर, एकही हलता भाग नाही, व्हॉल्व्ह नाही, वायर नाही. एवढ्या बारीक वाटेतून जाताना द्रवाचा दाब पडत जातो आणि दुसऱ्या टोकाला कूलिंग कॉइलमध्ये तो सुटतो तेव्हा कमी दाबामुळे लगेच उकळायला लागतो. दाराला कान लावलात तर फुस्स किंवा झुळझुळ असा आवाज येतो तो हाच, त्यात बिघाड काही नाही. आणखी एक गोष्ट बघायला मिळते, वाफ कॉम्प्रेसरकडे परत नेणारी नळी, म्हणजे सक्शन लाईन, आणि ही कॅपिलरी एकमेकींना चिकटवलेल्या असतात. परतणारी थंड वाफ कॅपिलरीतल्या द्रवाला अजून गार करते आणि स्वतः थोडी तापते, त्यामुळे कॉम्प्रेसरमध्ये चुकून द्रव शिरत नाही. द्रव दाबला जात नाही, शिरला तर कॉम्प्रेसरच्या झडपा तुटतात.

कॉम्प्रेसर बंद झाला की कॅपिलरीतून दोन्ही बाजूंचे दाब हळूहळू सारखे होतात, त्याला काही मिनिटं लागतात. वीज जाऊन लगेच आली किंवा कुणी स्विच बंद करून पटकन चालू केला तर साध्या कॉम्प्रेसरची मोटर त्या दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, गुणगुणते, करंट वाढतो आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटर जळू नये म्हणून बसवलेला स्विच, टक करून ट्रिप होतो. थोड्या वेळाने परत प्रयत्न, परत टक. असं झालं तर प्लग काढून पाच मिनिटं थांबा आणि मग लावा.

आता इतिहास, आणि इथे माझं एक ठाम मत आहे. फ्रीजचा इतिहास सांगताना लोक संशोधकांची नावं आणि सनावळ्या देतात, पण हे काम करणाऱ्याला त्यात एकच धागा दिसतो, तो म्हणजे गळती. गॅस आत कसा ठेवायचा, आणि बाहेर आलाच तर काय होईल, या दोन प्रश्नांनी हे यंत्र घडवलंय.

सुरुवात स्कॉटलंडच्या विल्यम कलेन यांच्यापासून करतात. त्यांनी ईथरवरचा दाब पंपाने कमी करून तो उकळवला आणि थोडा बर्फ करून दाखवला, १७५६ साली त्यावर निबंधही छापला. पण त्यांचं ईथर उडून जायचं, संपायचं. तीच वाफ परत पकडून दाबून पुन्हा द्रव करायची, म्हणजे चक्र बंद करायचं, ही कल्पना अमेरिकेच्या ऑलिव्हर इव्हान्स यांनी १८०५ साली मांडली, यंत्र मात्र बनवलं नाही. त्या चक्राचं पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ साली लंडनमध्ये घेतलं, आणि त्या पेटंटात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, दाब पाडणारी झडप आणि उकळण्याची जागा हे चारही भाग आहेत. आजच्या फ्रीजच्या चक्रातही मुख्य भाग हेच चार आहेत. एवढ्या वर्षांत मूळ चक्राला कुणाला हात लावावा लागला नाही.

त्या काळात थंडी विकली जायची ती बर्फाच्या लाद्यांच्या रूपात. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८०६ साली तळ्यातला बर्फ जहाजात भरून कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेला आणि पुढे लाकडाच्या भुशात बांधून जगभर पाठवायचा मोठा धंदा उभा केला. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार ठेवण्यासाठी झटत होते, त्यांनी हवा दाबून मग फुगू देऊन बर्फ करणारं यंत्र बनवलं आणि १८५१ साली पेटंटही मिळवलं, पण भांडवल मिळालं नाही आणि १८५५ मध्ये ते गेले. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन या वृत्तपत्रवाल्यानं ईथरवर चालणारं यंत्र बनवून १८५६ साली पेटंट घेतलं. मग जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात अमोनियाचे दणकट कॉम्प्रेसर बनवले आणि बिअरचे कारखाने, बर्फाचे कारखाने त्यावर चालायला लागले. अमोनिया आजही मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये उत्तम काम करतो, पण श्वासात गेला तर जीव घेऊ शकतो. कारखान्यात ठीक, घरात कसा आणणार?

घरात फ्रीज आला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. फ्रेड वुल्फ यांचा डोमेलरे १९१३ साली शिकागोत निघाला, मग केल्व्हिनेटर, फ्रिजिडेअर वगैरे. सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांत मोटर वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा आणि मध्ये पट्टा असायचा. म्हणजे कॉम्प्रेसरचा फिरणारा दांडा केसिंगच्या बाहेर येणार, आणि जिथे दांडा बाहेर येतो तिथे सील लागतं आणि सील म्हटलं की ते झिजतं. आत सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड. सल्फर डायऑक्साइड निदान नाकाला झोंबतो, माणूस घराबाहेर पळतो, मिथाइल क्लोराइडला तसा झणझणीत वास नाही, त्यामुळे तो जास्त घातक. लोक खरोखर मेले. बर्लिनमध्ये एका कुटुंबाचा असा मृत्यू झाल्याचं वाचून अल्बर्ट आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलता भाग आणि सीलच नसलेला फ्रीज बनवायचं मनावर घेतलं, त्यांचं अमेरिकन पेटंट १९३० चं आहे. बाजारात तो कधी आला नाही, पण विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञाला गॅसगळतीचा प्रश्न आपला वाटला हे मला फार मोलाचं वाटतं.

जनरल इलेक्ट्रिकने याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच लोखंडी डब्यात बंद करायचे, दांडा बाहेर आणायचाच नाही, बाहेर येणार त्या फक्त विजेच्या तारा. ख्रिश्चन स्टीनस्ट्रुप यांच्या देखरेखीखाली बनलेला त्यांचा मॉनिटर टॉप १९२७ साली आला, कॉम्प्रेसर डोक्यावर आणि त्याभोवती गोल कंडेन्सर. त्यातले काही इतकी दशकं उलटूनही चालू अवस्थेत आहेत, आणि कारण एकच, गॅस आत राहिला. आज तुमच्या फ्रीजच्या मागे खाली जो काळा मडक्यासारखा डबा दिसतो तो याच कल्पनेचा वारस. आत मोटर तेलाच्या शिंतोड्यात आणि गॅसच्या वाफेत फिरत असते आणि परतणारी गार वाफच तिला गार ठेवते. हल्लीच्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये मोटर सतत चालू-बंद न होता गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करते, एवढाच फरक, बाकी डबा तसाच बंद.

दुसरं उत्तर रसायनशास्त्रातून आलं. थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास विषारी नसलेला, न पेटणारा गॅस शोधला, तोच आर-१२, ज्याला सगळं जग फ्रीऑन म्हणतं. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीसमोर मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि सोडून मेणबत्ती विझवली, एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध. फ्रीज घराघरात गेला तो यानंतर. पण गळतीचा प्रश्न सुटला नव्हता, गळती फक्त निरुपद्रवी वाटायला लागली होती, म्हणून सगळे निष्काळजी झाले, दुरुस्तीच्या आधी सर्रास गॅस हवेत सोडून द्यायचे. आर-१२ इतका स्थिर की खाली कशानेच तुटत नाही, तसाच वर जातो आणि तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन सोडतो, आणि क्लोरीन ओझोन खातो. मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ साली हे मांडलं, १९८५ साली अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, आणि १९८७ साली असे गॅस टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार झाला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुत्झेन यांना १९९५ चं नोबेल मिळालं.

मग आला आर-१३४ए, ओझोनला निर्धोक, पण हवेत सुटला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त उष्णता धरून ठेवणारा. अशा गॅसांवरही त्याच करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने टप्प्याटप्प्याने बंधनं आली. तिकडे जर्मनीत ग्रीनपीसच्या पुढाकाराने १९९३ साली साध्या हायड्रोकार्बनवर चालणारे फ्रीज कारखान्यातून बाहेर पडले होते. त्याच वाटेने आर-६००ए घराघरात आला.

आयसोब्युटेन पेटतो हे खरंय. पण घरच्या फ्रीजमध्ये तो असतो बहुतेक वेळा तीस ते सत्तर ग्रॅम, कारण त्याची वाफ होताना ग्रॅममागे आर-१३४ए पेक्षा बरीच जास्त उष्णता उचलली जाते, म्हणून थोडक्यात भागतं. वापरणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, मेकॅनिकने मात्र डोकं ठिकाणावर ठेवून काम करायचं, आत गॅस असताना पाईप जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवायचा नाही, खोली मोकळी ठेवायची.

आणि या गॅसची एक खोड आहे जी जुन्या सवयीच्या लोकांच्या लक्षात येत नाही. वर लिहिलंय की कूलिंग कॉइलमध्ये दाब हवेपेक्षा कमी असतो. म्हणजे त्या बाजूला बारीक भोक पडलं तर फ्रीज चालू असताना गॅस बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आणि ओलावा आत ओढला जातो. ओलावा कॅपिलरीच्या टोकाला गोठून वाट बंद करतो, फ्रीज थोडा वेळ बंद ठेवला की बर्फ वितळतो, परत चालतो, परत चोक होतो. तिथे नुसता गॅस टाकून उपयोग शून्य. लीक बंद करा, ड्रायर बदला, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा पूर्ण खेचून काढा आणि मग वजनकाट्यावर मोजून फ्रीजच्या पाटीवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरा. एवढ्या थोड्या गॅसमध्ये पाच-दहा ग्रॅमचा फरकसुद्धा कूलिंग बिघडवतो, अंदाजाने भरणं चालत नाही.

गॅस खरंच कमी आहे का हे पुष्कळदा बघूनही कळतं. कॉम्प्रेसर थांबतच नाही, कंडेन्सर जेमतेम कोमट, आणि कॉइल उघडली की गॅस जिथून आत येतो तिथल्या दोन-तीन वेढ्यांवरच पांढरा हिमकण आणि पुढची कॉइल कोरडी, कारण थोडासा द्रव सुरुवातीलाच उकळून संपला. याउलट फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा आणि खालचा कप्पा मात्र गरम, अशी तक्रार असेल तर गॅसचा संशय सगळ्यात शेवटी घ्या. नो-फ्रॉस्ट फ्रीजमध्ये कॉइल मागच्या पॅनेलच्या आड असते आणि पंखा तिच्यावरून हवा खेळवतो, कॉइलवर जमलेला बर्फ हीटर ठरावीक वेळाने वितळवतो आणि ते पाणी खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन त्याच्याच उष्णतेने उडून जातं. यातला हीटर, बायमेटल (तापमान बघून हीटर बंद करणारा स्विच), सेन्सर किंवा थर्मल फ्यूज गेला की पॅनेल उघडल्यावर कॉइल दिसतच नाही, सगळीकडे घट्ट बर्फाची भिंत, हवा जाणार कुठून. पार्ट छोटासा असतो आणि लोकांना गॅस चार्जिंगचं बिल दिलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

त्याहून साध्या गोष्टी म्हणजे कंडेन्सरवर साचलेली धूळ, भिंतीला चिकटवून ठेवलेला फ्रीज, आतल्या हवेच्या झरोक्यासमोर कोंबलेले डबे, आणि ढिलं गास्केट. दारात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निसटला तर तिथून बाहेरची दमट हवा आत जातेय, गास्केट साबणाच्या पाण्याने पुसा, वाकलं असेल तर कोमट करून सरळ करा, फाटलं असेल तर बदला. खालचा कप्पा चार-पाच अंश आणि फ्रीजर उणे अठरा, यापेक्षा थंड ठेवून फक्त वीज जाते. बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडायचं ते बहुतेक वेळा असंच.

जुना फ्रीज टाकायचा असेल तर तो भंगारात देताना पाईप कापून गॅस हवेत सोडू देऊ नका, जिथे गॅस काढून घेण्याची सोय आहे तिथेच द्या. जुन्या फ्रीजच्या भिंतींमधल्या फोममध्येही ओझोन खाणारा आर-११ भरलेला असतो. आणि तो बाहेर ठेवण्याआधी दार काढून टाका. पूर्वी दारांना फक्त बाहेरूनच उघडणाऱ्या खिट्ट्या असायच्या, टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपलेली मुलं आत गुदमरून जायची, त्यावरून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला की दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे, आणि खिट्टीच्या जागी आजचं चुंबकाचं गास्केट रुळलं. चुंबक असला तरी लहान मुलाला आतून तेवढा जोर लावता येईलच असं नाही, म्हणून बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार वेगळंच करून ठेवायचं.